पंचवीस माणसांतलं लग्न पुरं होतं

तुळशीचं लग्न लागलं आणि नवी मुंबईतल्या आमच्या महाप्यात मांडव उभे राहू लागले, की 2020 आणि 2021 साली लग्न झालेल्या पोरापोरींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘तुमचं कार्य राहिलंच की! कधी करताय?’ विचारणारे परके नसतात. मामा असतो, चुलता असतो, शेजारची काकी असते. लग्नाला वर्षं लोटली, पोर शाळेत जायला लागलं, तरी या घरांचं ‘कार्य’ गावाच्या हिशेबात बाकीच आहे. कोरोनात झालं ते नाइलाजाचं, उरकलेलं, अर्धं. गावाला जेवण नाही, हळदीला बेंजो नाही, भावकीच्या अक्षता नाहीत, तर ते लग्न कसलं, अशी ही समजूत. आणि आज एखादी मुलगी स्वतःहून म्हणाली की मला मोजक्याच माणसांत लग्न करायचंय, तर तिला तयार उत्तर मिळतं: ‘आता काय कोरोना आहे का?’

हे म्हणणं मला मान्य नाही, आणि ते नुसतं चुकीचं नाही तर घरं बुडवणारं आहे असं माझं मत आहे. मी याच गावची सून. माझं स्वतःचं लग्न भर मांडवात, अख्ख्या गावाच्या साक्षीने झालं, आणि त्या गर्दीतली माया मला ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय मला बाजूला टाकता येत नाही.

आधी त्या दोन वर्षांत काय घडलं ते आठवू या. 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि त्या उन्हाळ्यातले मुहूर्त बुडाले. मे महिन्यात केंद्राने जास्तीत जास्त 50 पाहुण्यांची अट घालून लग्नांना वाट करून दिली. दुसऱ्या लाटेत, 14 एप्रिल 2021 पासून, राज्य सरकारने हा आकडा 25 वर आणला. 22 एप्रिलपासून आणखी कडक नियम आला: एकच सभागृह, एकच कार्यक्रम, दोन तासांच्या आत सगळं, माणसं 25. नियम मोडला तर कुटुंबाला 50,000 रुपये दंड आणि सभागृहाला टाळं.

आमच्या भावनांचा सरकारने विचार केला नाही, असं आजही लोक बोलतात. पण हे नियम कशासाठी होते ते आठवायला लांब जायला नको. महाप्याहून शीळफाट्याने गेलं की डोंबिवली फार लांब नाही. तिथे 18 आणि 19 मार्च 2020 ला एका घरी हळद आणि लग्न झालं, त्याला तुर्कस्तानहून परतलेला एक तरुण हजर होता आणि तो बाधित निघाला. शहराच्या महापौरांनाही त्या लग्नानंतर घरात विलगीकरणात राहावं लागलं. तेव्हा टाळेबंदी लागायची होती, कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण फेब्रुवारी 2021 मध्ये, सगळं कळून चुकल्यावर, पुण्यात एका माजी खासदाराच्या मुलाच्या लग्नात शेकडो माणसं जमली आणि गुन्हा नोंदवावा लागला. भावनांचा प्रश्न असेल तर त्या काळात ज्यांच्या घरचं माणूस ऑक्सिजनच्या खाटेसाठी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्राबाहेर ताटकळत होतं, त्यांनाही भावना होत्या.

माझ्या पुतणीचं लग्न 2021 च्या मे महिन्यात, याच पंचवीसच्या नियमात झालं. यादी करायला आम्ही रात्री जेवणं आटोपून बसलो. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दिरांनी 1 ते 25 आकडे आधीच मांडून ठेवले होते. नवरानवरी धरून दोन. दोन्हीकडचे आईबाप, सहा. दोन मामा, आठ. भटजी नववे, विधींची गाणी गाणारी धवलारीण दहावी. मग भावंडं, आजी, नवऱ्या मुलाची विधवा काकी, जिने त्याला वाढवलं. आत्याचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, त्यावरून दिरांचा आवाज चढला. शेवटी उरणहून तिचाच फोन आला की घरात ताप आहे, माझं नाव काढा, मी फोनवर बघते. फोटोग्राफर गळला. पंचविसावा आकडा मोकळा ठेवला, मुलाकडचं कुणी आयत्या वेळी आलं तर अडायला नको म्हणून. नातेवाइकांची यादी मी जन्मभर पाहत आले आहे, पण एकेका नावावर इतका विचार झालेला मी त्या रात्रीच पाहिला. कुणाला बोलवावंच लागेल हा प्रश्न नव्हता, कुणाशिवाय हे लग्न होऊच शकत नाही, हा होता.

लग्न गच्चीवर लागलं. आम्हा आगऱ्यांमध्ये लग्न लावायला भटजी आले ते नंतर, धवलारीण त्यांच्या आधीची. मांडव घालण्यापासून हळद, देवक, अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई आपल्याच समाजातली असते. मराठीतली पहिली कवयित्री मानली जाणारी महदंबा तेराव्या शतकात धवळेच रचत होती, इतकं हे गाणं जुनं. पण अलीकडच्या मोठ्या लग्नांत धवलारीण कुठे असते ते पाहा. मांडवाच्या एका कोपऱ्यात, डीजेच्या भिंतीमागे, दोन म्हाताऱ्यांच्या सोबतीने. माइक तिच्या वाट्याला येत नाही. त्या दिवशी आमची धवलारीण मास्क हनुवटीखाली घेऊन, सगळ्यांपासून लांब पाटावर बसली आणि तिने सुरुवात केली. गच्चीवर दुसरा आवाज नव्हता. तिचा शब्द न् शब्द प्रत्येकाने ऐकला, आणि माझी धाकटी मुलगी मध्येच थांबवून अर्थ विचारत होती. परंपरा बुडाली असं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, ती त्या गच्चीवर बुडाली की डीजेच्या भिंतीमागे?

आता ‘अर्धं लग्न’ या आरोपाकडे येते. कायद्याला विचारलं तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं की दोघांपैकी एकाच्या रूढ विधींनी लग्न लावावं, आणि सप्तपदी त्या विधींचा भाग असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पुरं होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार पुरतात. पाहुण्यांचा आकडा यात कुठेही नाही. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर तो हिंदू विवाह ठरत नाही. हा निकाल काहीजण छोट्या लग्नांविरुद्ध वापरतात. त्यांनी तो पुढे वाचावा. लग्न म्हणजे नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, हेही न्यायालयाने त्याच निकालात बजावलं आहे. विधी हवेत, थाट नको, हा त्याचा सरळ अर्थ. आमच्या गच्चीवर विधी सगळे झाले होते.

परंपरेला विचारायचं तर महाराष्ट्रात मोजक्या माणसांतल्या लग्नाची परंपरा कोरोनाने सुरू केलेली नाही. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं, भटजीविना. वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचनं हा त्या लग्नाचा गाभा. (सावित्रीबाई 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या, आणि कोरोनात सरकारने जो साथरोग कायदा लावला तो त्याच प्लेगच्या वेळचा, 1897 चाच. साथ आणि साधं लग्न या दोन्ही गोष्टी या राज्याला नव्या नाहीत.) पुढे 12 जून 1946 ला रत्नागिरीत सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न घरच्या घरी नोंदणी पद्धतीने झालं. त्यांच्या त्या लग्नाचा खर्च म्हणजे आठ आण्यांचा छापील अर्ज. 15 एप्रिल 1948 ला देशाचे कायदेमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिल्लीत राहत्या घरी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला, मोजक्या माणसांसमोर. बाबासाहेबांनी मनात आणलं असतं तर लाखोंची गर्दी जमली असती.

ती मोठी माणसं, त्यांचं चालून जातं, आपल्याला भावकीत राहायचंय, असं यावर म्हणतात. पण सत्यशोधक पद्धतीने पुढे गावोगाव लग्नं लावली ती शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी, आणि त्यांनाही भावकीतच राहायचं होतं.

सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि त्याला मी घाईने उत्तर देणार नाही. लग्न दोघांचं नसतं, गावाचं असतं. चार माणसं सुखदुःखाला हवीत, आणि ती लग्नातूनच जोडली जातात. हे मी खरं मानते. भातशेती आणि मिठागरं होती तेव्हा लग्न खरोखर गाव करत असे. मांडवाच्या मेढी कुणी आणायच्या, अंगण कुणी सारवायचं, तांदूळ कुणी दळायचे, पाणी कुणी भरायचं, हे घरागणिक ठरलेलं होतं. हळद जात्यावर दळली जायची आणि जात्याला हात लावायला बाया रांग लावायच्या. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं तो दोन दिवस राबायचा, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की त्याला तेच परत मिळायचं. गरिबातल्या गरिबाचं लग्न त्या पद्धतीत अडत नव्हतं.

मग जमिनी गेल्या. आधी एमआयडीसीने ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांसाठी घेतल्या, मग 1970 साली सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी 1984 मध्ये उरणजवळ जासई-दास्तानच्या लढ्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्या भूखंडांचं पुढे काय झालं हे इथल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. काही घरांनी पोरं शिकवली, इमारती बांधल्या. आणि काही घरांत तो पैसा हळदीच्या एकेका रात्रीत गेला: मटण, दारू, डीजे, रस्ताभर मांडव, आणि शेजारच्या हळदीपेक्षा आपली हळद मोठी दिसली पाहिजे ही चढाओढ. पाच माणसांनी जीव देऊन मिळवलेल्या जमिनीचा पैसा असा उडवणं याला मी परंपरा म्हणणार नाही. रायगड-ठाण्यातल्या अनेक गावांनी अलीकडे हळदीतल्या दारू आणि डीजेविरुद्ध ठराव केले, ते काही बाहेरच्यांनी येऊन करवून घेतलेले नाहीत. गावांना आतूनच ते असह्य झालं म्हणून केलेत.

आजचा मांडव कंत्राटदार घालतो, जेवण केटरर आणतो, स्टेज इव्हेंटवाला सजवतो. गाव रात्री नऊला येतं, रांगेत उभं राहतं, पाकीट देतं, फोटो काढतं, ताट घेतं, निघून जातं. यात गावाने केलं काय? लग्न गावाचं असतं असं म्हणायचं आणि गावाला एका तासासाठी पाहुणा करून ठेवायचं, हे दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही.

आणि मे 2021 मध्ये काय झालं तेही सांगते. केटररला बोलवायचं तर त्याची माणसं आकड्यात मोजावी लागली असती. म्हणून पुतणीच्या लग्नाचं जेवण आजूबाजूच्या घरांतल्या चुलींवर शिजलं. एकीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, एकीने वाल केले, एकीने खीर. पातेली गच्चीच्या कठड्यावरून हातोहात पोचली. शिजवणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव यादीत नव्हतं, आणि एकीनेही ते मनात धरलं नाही. जुन्या माणसांना जे गाव आठवतं ते गाव मी माझ्या डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं, आणि त्यात मांडवात बसलेली माणसं होती पंचवीस.

आहेराचा मुद्दाही निघतो. ‘आम्ही सगळीकडे आहेर घातलाय, आमच्याकडे परत कधी येणार?’ गरीब घराचा हा प्रश्न खोटा नाही. आहेर म्हणजे फिरता पैसा असतो आणि अडीनडीला तो उपयोगी पडायचा. पण आजच्या मांडवाचा खर्च आहेरातून भरून निघाला असं एक घर मला दाखवा. दिरांनी लग्नासाठी पतपेढीत कर्जाचा अर्ज भरून ठेवला होता. यादी पंचवीसवर आली तेव्हा त्यांनी तो मागे घेतला. त्याच पावसाळ्यात त्यांचं कंत्राटी काम सुटलं, आणि कर्जाचा हप्ता मागे नव्हता म्हणून ते घर तरलं. एप्रिल 2017 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तरण्या मुलीने बापाला लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून आत्महत्या केली, तेव्हा महाराष्ट्र हळहळला होता. ती हळहळ आपण आपल्या मुलांच्या यादीपर्यंत आणली का?

बँडवाले, मांडववाले, आचारी, घोडेवाले यांच्या पोटाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी टाळणार नाही. त्या दोन वर्षांत ही माणसं उपाशी राहिली. बँड पथकातल्या पोरांनी भाजीच्या गाड्या लावल्या, काहींनी वाद्यं विकली. एप्रिल 2021 मध्ये सरकारने निर्बंधांसोबत फेरीवाले, रिक्षावाले, बांधकाम कामगार यांना 1,500 रुपयांची मदत जाहीर केली. लगीनसराईवर जगणारे त्या यादीत नव्हते. तो सरकारचा अन्याय होता आणि तो तसाच बोलून दाखवला पाहिजे. पण त्याची भरपाई एखाद्या कंत्राटी कामगाराने व्याजाने पैसे काढून करावी, हे कुठलं न्यायाचं गणित? ज्याला परवडतं आणि ज्याला हौस आहे त्याने खुशाल बँड लावावा. न परवडणाऱ्याला ‘दुसऱ्यांच्या पोटासाठी’ कर्जात ढकलू नये. शिवाय लहान लग्नालाही आचारी लागतो, फुलं लागतात, सनई लागते.

लहान लग्नांविरुद्धचा एक आक्षेप मात्र माझी झोप उडवणारा आहे. टाळेबंदीत महाराष्ट्रात बालविवाह वाढले. शाळा बंद, कामं बंद, आणि लग्न पाच-पन्नास माणसांत, कमी खर्चात होतंय म्हटल्यावर बीड, परभणी, सोलापूरकडच्या कितीतरी घरांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुली उजवून टाकल्या. घरातल्या घरात, पहाटे, शेतातल्या वस्तीवर लग्नं लागली आणि ग्रामसेवकाला, ज्याच्यावर कायद्याने ती रोखायची जबाबदारी आहे, पत्ता लागला नाही. गर्दी असती तर कुणीतरी पाहिलं असतं, असं म्हणतात.

मी विचारते, गर्दीने आजवर किती बालविवाह थांबवले? कोरोनाच्या आधीही मुलींची लग्नं भर मांडवात होतच होती. पाचशे माणसं अक्षता टाकत होती, पुढारी आशीर्वाद देत होते, पत्रिका छापल्या जात होत्या. त्या पाचशेंपैकी कुणी मुलीचा जन्मदाखला मागितला नाही. मुलीला वाचवते ती नोंद: वयाचा पुरावा, अधिकाऱ्यासमोर तिने स्वतः दिलेला होकार, तिची सही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2006 मध्येच सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं. ती नीट झाली तर पंचवीस माणसांतलं लग्नही सुरक्षित, आणि ती नसेल तर पंचवीसशेंतलंही नाही.

नोंदणीवरून पळून जाऊन केलेल्या लग्नांकडे वळते, कारण छोट्या लग्नाला होणारा विरोध पुष्कळदा या भीतीतून येतो. चार माणसांत लग्न करायचं म्हणजे काहीतरी लपवायचंय, असा संशय. महापे हे गाव आहे तसं मिलेनियम बिझनेस पार्कचं महापेही आहे. सांगली-जळगाव-यवतमाळकडची पोरंपोरी इथल्या कंपन्यांत कामाला येतात, आमच्या गावांतल्या खोल्यांत भाड्याने राहतात, एकमेकांना भेटतात, जात न विचारता प्रेमात पडतात. टाळेबंदीत कंपन्यांनी घरून काम दिलं, पोरी गावी परतल्या, आणि घरच्यांनी ‘आत्ताच स्वस्तात होतंय’ म्हणून घाईने स्थळं बघायला सुरुवात केली. आमच्या वरच्या खोलीत राहणारी एक मुलगी 2020 च्या दिवाळीआधी बॅग घेऊन परत आली ती याच कारणाने. मुलगा इथलाच, दुसऱ्या जातीचा.

एरवी अशी जोडपी आळंदीला जातात. ज्ञानोबांच्या गावात लग्न लावून देणारी कार्यालयं आहेत आणि घरच्यांनी दार बंद केलेल्या कितीतरी पोरांना आळंदीने आसरा दिला आहे. पण तेव्हा मंदिरं बंद होती, ती उघडली 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला. या दोघांनी नोंदणी विवाहाची वाट धरली आणि तिथे तीस दिवसांची नोटीस आडवी आली. विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याला जोडप्याची नोटीस कार्यालयात ठळक जागी लावावी लागते आणि तीस दिवस हरकतींची वाट बघावी लागते. हरकतीची कारणं मोजकी आहेत: वय, आधीचं लग्न, मनाची स्थिती, निषिद्ध नातं. बापाची नाराजी हे त्यातलं कारण नाही. पण नोटिशीवर नाव-पत्ता असतो, आणि ज्या घरातून मुलगी निघाली त्या घराला तिचा माग लागायला तेवढं पुरतं. ते तीस दिवस ती मुलगी आमच्या घराच्या फाटकाबाहेर एकटी गेली नाही. रस्त्यावर गाडी थांबली की जिन्यात येऊन उभी राहायची. एकतिसाव्या दिवसानंतर तीन साक्षीदारांत माझी सही पडली. त्या लग्नात साक्षीदार धरून पाच माणसं होती, आणि त्याहून जबाबदारीने लावलेलं लग्न मी पाहिलेलं नाही.

ते दोघं लपून बसले कारण त्यांना लपावं लागलं. लाज त्यांची नाही. मुलीने होकार दिलेल्या लग्नाला घरच्या चार माणसांनी यायचं नाकारायचं आणि मग ‘चार माणसं न बोलावता केलं’ म्हणून तिलाच दोष द्यायचा, हा ढोंगीपणा आपण सोडला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये काय केलं, तर आंतरजातीय-आंतरधर्मीय लग्नं केलेल्यांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती काढली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत त्यातून ‘आंतरजातीय’ वगळलं, आंतरधर्मीय ठेवलं. निवाऱ्याची गरज असलेल्यांवर पहारा बसवण्याची ही वृत्ती आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. आपल्याकडेही ते व्हायला हवं.

न्यूयॉर्क राज्याने एप्रिल 2020 मध्ये, तिथे रोज शेकड्यांनी माणसं मरत असताना, व्हिडिओवरून विवाह परवाना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे किती माणसांनी जेवायचं हे सरकारने ठरवलं. दोघांना कायदेशीर नवराबायको होण्याची वाट सोपी करावी हे कुणाला सुचलं नाही.

शेवटचा एक दाखला नेहमी माझ्यासमोर ठेवला जातो. अभिनेत्री सोनाली कुलकर्णीने मे 2021 मध्ये दुबईच्या देवळात अगदी मोजक्या माणसांत लग्न केलं, आणि वर्षभराने लंडनमध्ये पुन्हा थाटात केलं. ‘बघा, तिलाही राहवलं नाही!’ माझं उत्तर एवढंच की तिला हौस होती, ऐपत होती, तिने केलं, तिचा आनंद तिला लखलाभ. मधल्या वर्षभरात ती बायको नव्हती असं कुणी म्हणालं का? मग आमच्या पुतणीला ते का ऐकावं लागतं? दुसऱ्यांदा सोहळा करणं हा हौसेचा भाग आहे. तो गावाला चुकता करायच्या देण्याचा भाग करू नका.

गर्दीचं लग्न वाईट, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझं म्हणणं पंचवीस माणसांतल्या लग्नाच्या पुरेपणाबद्दल आहे. ते लग्न कायद्याने पुरं होतं, विधीने पुरं होतं, आणि मायेने तर पुष्कळ मोठ्या लग्नांपेक्षा भरलेलं होतं. ज्यांनी 2020-21 मध्ये तसं लग्न केलं त्यांनी रोगराईच्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जीव सांभाळून आपला संसार सुरू केला. त्यांना आपण शाबासकी द्यायची होती, आणि आपण त्यांच्याकडे थकबाकी मागतो आहोत.

येत्या लगीनसराईत तुमच्या घरी मुलीने किंवा मुलाने पंचवीस नावांची यादी आणून ठेवली, तर तिच्यात नावं वाढवू नका. जिथे त्यांना घरातूनच विरोध असेल आणि साक्षीला माणूस हवा असेल, तिथे नोंदणी कार्यालयात जाऊन सही करा. आणि कोरोनात लग्न झालेल्या जोडप्यांना ‘कार्य कधी?’ हे विचारणं आता बंद करा. त्यांचं कार्य झालेलं आहे.